बोलून कुठं हात हलतोय?

अर्धांगवायूनंतर खचलेल्या माणसाला समुपदेशन द्यावं का, हा प्रश्न अलीकडं कोल्हापुरात बऱ्याच ठिकाणी कानावर येतो. रंकाळ्यावर सकाळची फेरी मारून कट्ट्यावर टेकलेल्या मंडळींत येतो, एखाद्या न्यूरोच्या डॉक्टरांचं व्याख्यान झालं की प्रश्नोत्तरांत येतो, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर येतोच. आणि दर वेळी वाद त्याच वळणानं जातो. एक जण म्हणतो, 'हाय खाल्लीय त्यानं, दुसरं काही नाही. घरच्यांनी धीर द्यावा, सावरतोय.' दुसरा म्हणतो, 'मेंदूतल्या रसायनांचा घोळ आहे, गोळी चालू करा.' तिसरा, बहुधा दोन दिवसांचं शिबिर करून आलेला, सांगतो की सगळं मनावर असतं, सकारात्मक विचार केला की हातसुद्धा उचलतो. मग कुणीतरी हुकमी पान टाकतो, 'बोलून कुठं हात हलतोय?' हशा होतो आणि विषय उसाच्या दराकडं वळतो.

बोलून हात हलत नाही, हे मान्य. तसा दावा करणाऱ्या शिबिरवाल्यांशी माझं भांडण बाकीच्या दोघांपेक्षा मोठं आहे. पण माझं म्हणणं स्वच्छ सांगतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीनं, ते काम शिकलेल्या माणसाबरोबर बसून घ्यायचा मनाचा उपचार हा पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाचा भाग आहे, अगदी फिजिओथेरपीइतकाच. ती चैन नव्हे. गोळीशी त्याचं वैर नाही आणि घरच्यांच्या मायेची जागाही तो घेत नाही. दवाखान्यातून सोडताना जी कागदं हातात पडतात, त्यांवर रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ करायची गोळी आणि व्यायाम लिहिलेला असतो. त्याच कागदावर याचीही तारीख असायला हवी.

आधी हे दुखणं केवढं आहे ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांना त्याचा अंदाजच नसतो. पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण तिनातल्या एकाला पुढं कधी ना कधी नैराश्य गाठतं, असं जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसतं. आता वेळेचं गणित बघा. हातापायात जी ताकद परत यायची, तिचा मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांत, त्यातही पहिल्या तिमाहीत येतो. नैराश्यही पुष्कळदा याच महिन्यांत येतं. म्हणजे व्यायामाची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच दिवसांत माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. जेवणात लक्ष नाही, झोप नाही, गोळ्या गादीखाली सापडतात, फिजिओ आली की 'आज नको'. अशा रुग्णांचं परावलंबित्व जास्त राहतं आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळतं. मग ज्या गोष्टीमुळं हात हलवायचा व्यायामच बंद पडतो, तिच्यावर उपाय करणं हे हाताचं काम नाही तर कशाचं?

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत ओतकाम करण्याआधी लाकडाचा जो नमुना लागतो, तो करणारे. धातू थंड होताना आकसतो म्हणून नमुना किती मोठा धरायचा, हे त्यांच्या बोटांत होतं. साठीच्या उंबरठ्यावर वारं गेलं, उजवी बाजू पडली. पाय काठीवर आला, हात राहिला. फिजिओची मुलगी घरी यायची. ताटलीत चवळीचे दाणे टाकून एकेक उचलायला सांगायची, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला सांगायची. व्यायाम योग्यच होते. पण यांनी ताटली सरकवली, म्हणाले, 'ह्ये बारक्या पोरास्नी द्या खेळायला.' त्यानंतर बोलणंच तोडलं. बायको सांगायची, 'अवो, ती पोरगी उन्हातानातनं येतीया, जरा करा की.' उत्तर नाही. घरच्यांनी निदान केलं, आळस आणि हट्ट.

पुढं त्या मुलीनं आपल्या ओळखीतल्या, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झालेल्या आणि अशा रुग्णांबरोबर काम करायचं शिक्षण घेतलेल्या एका बाईंना आणलं. त्या दर गुरुवारी तासभर बसायच्या. काय केलं त्यांनी? उपदेश केला नाही, हे पहिलं. एक वहीचा कागद आखला, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि पुढं मनःस्थितीला दहापैकी गुण. पहिल्या आठवड्याचा कागद मी पाहिलाय. 'अंघोळ, टीव्ही, टीव्ही, झोप.' गुण एक, एक, दोन. मग त्यांनी विचारलं, आधी दिवस कसा जायचा? कुठल्या हत्यारावर हात बसलेला? त्यातून चवळी गेली आणि सागवानाचा तुकडा आला, त्यावर पॉलिश पेपर. उजवा हात खाली, डावा वर, दोन्ही मिळून घासायचं. पुनर्वसनात हा व्यायाम नवा नाही, फक्त तो कुणाला द्यायचा हे विचारावं लागतं. दुसरा गुंता होता तालमीच्या कट्ट्याचा. बोलताना ओठाच्या कडेनं लाळ यायची, आणि ज्या पोरांना दंड-बैठका घालायला लावल्या त्यांच्यापुढं तसं बसायचं नव्हतं. तो प्रश्न त्यांनी तुकडे करून घेतला. आधी दारापर्यंत, मग दुपारी तीनला कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, तेव्हा तिथं कुणी नसतं, मग कट्ट्यावर एकाच जुन्या मित्राबरोबर. रुमाल डाव्या खिशात. एवढंच. हात आजही पटाशी धरत नाही, हे सांगून टाकतो. पण गुण सहावर गेले आणि फिजिओला 'आज नको' ऐकावं लागलं नाही. एका माणसावरून सिद्धांत उभा राहत नाही हे मलाही कळतं. सिद्धांताकडं पुढं येतोच. हा कागद दाखवला तो यासाठी की, ज्यांना 'बोलणं' म्हणजे नुसत्या गप्पा वाटतात त्यांनी आत काय घडतं ते बघावं.

आता विरोधी बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते घेऊ. पहिला मुद्दा असा की दुःख होणं स्वाभाविक आहे. पंचावन्न वर्षं ज्या पायांनी जोतिबाचा डोंगर चढला ते पाय गेल्यावर माणूस हसत बसेल का? प्रत्येक रडण्याला आजाराचं लेबल लावलं तर माणसाकडं दुःख करायचीही सोय उरणार नाही. या मुद्द्याला मी मनापासून मान देतो. बरेच जण काही आठवड्यांत आपले आपण सावरतात. शिवाय झटक्यानंतर काहींना कारण नसताना एकाएकी रडू फुटतं, क्वचित हसूही. मेंदूतला भावनांवरचा लगाम सैल झाल्याची ती खूण असते आणि तिला नैराश्य म्हणणं चूक. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? उपचार नकोत, हा? की नीट विचारून पाहा, हा? दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच्या रोज मन काळवंडलेलं, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, स्वतःबद्दल घृणा, 'मी गेलेला बरा' अशी भाषा, या गोष्टी विचारून कळतात. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते, ती भरायला पाच मिनिटं लागतात. दुःख स्वाभाविक आहे म्हणून न विचारणं याला शहाणपण कसं म्हणायचं? बाळंतपणातला रक्तस्रावही एका मर्यादेपर्यंत स्वाभाविकच असतो. म्हणून कुणी मोजायचं थांबवतं का?

दुसरा मुद्दा आपल्याकडचा लाडका. आपल्याकडं एकत्र कुटुंब आहे, शेजारपाजार आहे, परक्या बाईला पैसे देऊन मन मोकळं करायची वेळ पाश्चात्त्यांवर आली, आपल्यावर कशाला? यात तथ्य आहे. घरात माणसं नसती तर आपल्याकडचे निम्मे रुग्ण पहिल्या महिन्यातच अंथरुणाला खिळून जखमी झाले असते. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे सगळं बायका, सुना आणि मुली करतात, आणि त्याची नोंद कुठल्याच हिशेबात नसते. पण घरच्यांवर किती टाकायचं, याची एक परीक्षा भारतातच झालेली आहे. घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडूनच पुनर्वसन करून घ्यायचं, असा प्रयोग देशातल्या चौदा रुग्णालयांत साडेबाराशे रुग्णांवर झाला आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत आणि यांच्यात, मृत्यू किंवा परावलंबनाच्या बाबतीत फरक नव्हता. तो प्रयोग मुख्यतः शारीरिक पुनर्वसनाचा होता, मनाच्या उपचारांचा नव्हे, हे खरं. तरीही 'घरचे बघून घेतील' या वाक्यावर किती भार पेलेल याचा त्यातून अंदाज येतो.

आणि मनाच्या बाबतीत तर घरचे हे त्या प्रश्नातलेच एक पक्षकार असतात. 'मी ओझं झालोय' हे वाक्य बाप मुलाला कसं सांगणार? सांगितलं तर मुलगा म्हणणार, 'असं बोलायचं न्हाई, आप्पा,' आणि विषय संपणार. त्यात त्याची माया असते, पण आप्पांचं वाक्य घशातच राहतं. बायकांची गत त्याहून वाईट. पुरुषाला झटका आला की घर त्याच्याभोवती फिरतं. बाईला आला की पहिला प्रश्न चुलीचा. गडहिंग्लज असो की करवीर, सासूचं किंवा जावेचं गप्प होणं 'आता काम नको म्हणून' या खात्यात जमा होतं. तिनं ते कुणापाशी बोलायचं? जिच्यावर तिच्या वाटणीचं काम पडलंय त्या सुनेपाशी? आठवड्यातून एकदा येणाऱ्या, घराच्या हिशेबात नसलेल्या त्रयस्थ माणसाचं मोल इथं कळतं. आणि तो त्रयस्थ माणूस थकलेल्या सुनेशीही पंधरा मिनिटं बोलला तर उपचाराचा निम्मा लाभ तिथंच होतो, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि मला विचाराल तर सर्वांत खरा. पुरावा कुठंय? इथं बोलण्याच्या उपचारांच्या बाजूचे लोक फार सैल बोलतात, म्हणून हिशेब उघडाच मांडतो. २००३ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पक्षाघातानंतर खचलेल्या १२३ जणांना तीन गटांत वाटलं. एकाला विचार आणि वर्तन बदलण्याची प्रसिद्ध पद्धत, दुसऱ्याला नुसत्या भेटी आणि गप्पा, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. तिन्ही गटांत फरक आला नाही. २००८ साली अमेरिकेत नैराश्य नसलेल्या १७६ रुग्णांना आधीपासूनच गोळी किंवा प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीच्या बैठका देऊन पाहिल्या. बनावट गोळी घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के जण वर्षभरात नैराश्यात गेले, बैठका घेणाऱ्यांत १२ टक्के, खऱ्या गोळीच्या गटात साडेआठ. ऐकायला झकास. पण मध्येच गळालेल्यांना धरून कडक हिशेब केला की बैठकांचा फरक विरतो आणि गोळीचा टिकतो. २०२० साली सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानंही उपचारांचा फायदा संभवतो, मात्र पुराव्याची खात्री फार कमी, असाच शेरा दिला. मानसोपचाराच्या प्रचारकांनी हा परिच्छेद गाळून पुढं जायची सवय सोडावी.

तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम का? पहिलं कारण, फायदा दिसला तो कुठं दिसला ते बघा. सिएटलच्या एका अभ्यासात, २००९ साली, १०१ रुग्णांपैकी निम्म्यांना नर्सनं नऊ बैठका दिल्या. विचारांची उलटतपासणी कमी, आवडीच्या कामांची आखणी आणि अडचणींचे तुकडे करणं जास्त. नैराश्याच्या गोळ्या दोन्ही गटांना खुल्या होत्या. उपचार संपल्यावर बैठकांच्या गटातले ४७ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले १९. वर्षानंतरही ४८ विरुद्ध २७. म्हणजे सगळ्या बोलण्याला एका मापानं मोजणं चूक आहे. लक्ष, स्मरण आणि थकवा यांवर मेंदूच्या इजेचा परिणाम झालेल्या माणसाला 'तुमच्या विचारामागचा विचार तपासा' असं सांगणं आणि 'उद्या तीनला टपरीपर्यंत जाऊ' असं सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं पुस्तकी पद्धतीनं दिलं आणि फसलं, म्हणून दुसरंही फसलं असं कसं म्हणता येईल?

दुसरं कारण गोळीच्या हिशेबाचं. पुरावा मागायचा तर दोघांकडंही मागावा. २०११ साली फ्रान्समध्ये ११८ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या गोळीनं हातापायाची ताकद सुधारते असं दिसलं, आणि बऱ्याच ठिकाणी ती गोळी झटक्यानंतर सरसकट लिहिली जाऊ लागली. मग ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८च्या अखेरीस आले. सहा महिन्यांनंतर रुग्णाच्या स्वावलंबनात काडीचा फरक नव्हता. नव्यानं येणारं नैराश्य थोडं घटलं, १७ टक्क्यांवरून १३ वर. त्याच वेळी हाडं मोडण्याचं प्रमाण दीड टक्क्यावरून जवळजवळ तीनवर गेलं. स्वीडनमधली एक आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनाम मिळून केलेली एक, अशा पुढच्या दोन चाचण्यांनीही स्वावलंबनाचा फायदा नाही आणि हाडं मोडण्याचा धोका आहे, हेच सांगितलं. एका बाजूनं आधीच लंगडणाऱ्या, पडण्याची भीती असलेल्या माणसाला हा धोका किरकोळ आहे का? यावरून कुणी आपली चालू गोळी बंद करू नये. ज्याचं नैराश्य खोल आहे, जो जेवत नाही, ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्याला मानसोपचारतज्ज्ञानं दिलेली गोळी हवीच, आणि तीही वेळेत. माझा मुद्दा इतकाच की अपुऱ्या पुराव्याचा आक्षेप एकाच बाजूला लावायचा आणि दुसरी बाजू कागदावर सही करून मोकळी करायची, हा न्याय नव्हे.

मध्येच एक आक्षेप येतो, तो जरा थट्टेनं विचारला जातो. ज्याची वाचाच गेली त्याला बोलण्याचा उपचार कसा देणार? डाव्या मेंदूला इजा झाली की भाषा जाते, आणि नैराश्य अशांनाच जास्त गाठतं, तर नेमके तेच बाहेर राहणार की? हा प्रश्न इंग्लंडमधल्या लोकांनाही पडला होता. त्यांनी वाचाघात झालेल्या आणि मनानं उतरलेल्या १०५ रुग्णांवर प्रयोग केला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. चित्रं, फोटो, हो-नाहीची कार्डं आणि रोजच्या कामांची आखणी यांवर आधारलेल्या बैठका, तीन महिन्यांत जास्तीत जास्त वीस. मन सुधारलेलं दिसलं. त्या बैठका घेणाऱ्याही सहायक दर्जाच्या होत्या, नामवंत तज्ज्ञ नव्हत्या. रुग्णाला 'आज कसं वाटतंय' विचारायला चढत्या क्रमानं काढलेले चेहरे पुरतात. ज्या घरात आजी मुकी झाल्यावरही तिला चहा हवाय की नको हे सुनेला कळतं, तिथं हे अवघड वाटायचं कारण नाही.

उरला चौथा आक्षेप, आणि सगळे वाद शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबतात. माणसं कुठं आहेत, पैसा कुठं आहे? जिल्ह्यात प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मोजके, तेही शहरात. आजऱ्याच्या किंवा चंदगडच्या वाडीतल्या माणसाला दर आठवड्याला कोल्हापुरात आणायचं म्हणजे गाडीभाडं, एकाचा रोजगार बुडणार, आणि तासभर बसणं ज्याला जमत नाही त्याचे हाल वेगळेच. देशपातळीवर २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातच दिसलं होतं की नैराश्यासारख्या नेहमीच्या मानसिक आजारांत पंच्याऐंशी टक्के लोक उपचाराविना राहतात. जिथं धडधाकट माणसाला उपचार मिळत नाहीत तिथं अंथरुणावरच्याला कुठून देणार?

हा आक्षेप ऐकला की मला आपल्याच गावचा इतिहास आठवतो. कागल-कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पैसा नाही, वेळ आलेली नाही, लोकांची तयारी नाही, या आक्षेपांखाली ते पुढच्या वर्षी पडलं. साम्राज्याला जे परवडत नव्हतं ते १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला रुपया दंड ठेवला. सगळे शिक्षक तयार होऊन रांगेत उभे राहिल्यावर शाळा काढू, असं ते म्हणत बसले असते तर? माणसं आधी आणि निर्णय मग, हा क्रम बहुतेक वेळा निर्णय टाळणाऱ्यांनी लावलेला असतो.

उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं वाटत असेल तर गडचिरोलीचं घ्या. तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत. चार बुकं शिकलेली बाई इंजेक्शन देणार? १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले. नवजात बालमृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. मनाच्या उपचारांत याच वाटेनं आपला शेजारी गोवा पुढं गेला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसिक आरोग्याचं आधी कसलंही शिक्षण नसलेल्या पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के बरे होते, बाकीच्यांत ३९. हे रुग्ण पक्षाघाताचे नव्हते, तेव्हा आकडे जसेच्या तसे इकडं आणता येणार नाहीत. पण पद्धत कुठली होती? आवडीच्या कामांची आखणी, अडचणींचे तुकडे, घरी जाऊन भेट. पॅटर्नमेकरच्या घरी गुरुवारी जे चालायचं त्याहून ते फार वेगळं नाही. तज्ज्ञानं रुग्णापुढं बसायचंच असं नाही, त्यानं बसणाऱ्यांना शिकवावं आणि अडल्यावर फोन उचलावा.

आणि बसणारी माणसं खरंच नाहीत का? फिजिओथेरपिस्ट घरी जातातच. या विद्येचंही आपल्याकडं फार जुनं काही नाही. पहिली शिक्षणाची सोय पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकात मुंबईत केईएम रुग्णालयात झाली, आणि पुढं कित्येक वर्षं लोक फिजिओला 'मालिशवाली' म्हणायचे. आज झटक्यानंतर फिजिओ लावली नाही तर शेजारी नावं ठेवतात. नर्सिंगची आणि एमएसडब्ल्यूची कॉलेजं जिल्ह्यात आहेत, शिवाजी विद्यापीठ आहे, शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सीपीआर रुग्णालय आहे. आशाताई दारोदार जाऊन साखर आणि रक्तदाबाची चौकशी करतातच. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादा असं मी म्हणत नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच खूप आहे, आणि वाढीव कामाला वाढीव मानधन नसेल तर तो विषय काढूच नये. पण झटका आलेल्या घरी गेल्यावर नऊ प्रश्न विचारणं आणि दोन उत्तरं वाकडी आली की पुढं कळवणं, एवढं एखाद्या तालुक्यात सुरू करून बघता येईल.

पैशाचं मात्र खरोखर दुखणं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना बजावलंय की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला. व्यवहारात बहुतेक पॉलिसी चालतात त्या रुग्ण दाखल झाल्यावर, आणि या बैठका तर घरी किंवा बाहेरच्या विभागात होतात. सरकारी योजनांची पॅकेजंही मुख्यतः दाखल रुग्णाभोवती बेतलेली. झटक्याच्या दिवशी साडेचार तासांच्या आत द्यायच्या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनवर हजारो रुपये खर्च करायला व्यवस्था तयार असते, आणि असावीच. मग वाचवलेला तो मेंदू पुढं अंधारात बसू नये म्हणून आठ बैठकांचे पैसे देताना 'पुरावा कुठंय' का आठवतो?

शिबिरवाल्यांबद्दल सुरुवातीला बोललो, तेवढं पुरं करतो. 'इच्छाशक्ती असेल तर हात उठतोच' हे वाक्य पक्षाघाताच्या रुग्णापुढं उच्चारणं मला क्रूर वाटतं. ज्याचा उठत नाही, त्याच्या वाट्याला मग आजारासोबत दोषही येतो. मेंदूत जखम कुठं आणि केवढी यावर हाताचं भवितव्य बरंचसं ठरतं. चांगला उपचारक हे झाकत नाही. उठणार नसलेल्या हातासह दिवस कसा काढायचा, यावर तो रुग्णाबरोबर काम करतो. म्हणून कुणी समुपदेशक सुचवला तर त्याला आधी विचारावं की शिक्षण काय, किती बैठका, मध्ये सुधारणा मोजणार कशी, आणि जीव द्यायची भाषा ऐकू आली तर तुम्ही कुणाला फोन करता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उठून यावं. घरच्यांनी अशी भाषा ऐकली तर 'येडं बोलू नका' म्हणून गप्प न करता डॉक्टर गाठावा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

जिल्ह्यातल्या रुग्णालयांच्या चालकांपुढं मागणी ठेवायची तर ती फार मोठी नाही. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर नऊ प्रश्नांचे गुण लिहावेत, आणि सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी ते पुन्हा विचारायची तारीख टाकावी. या प्रश्नावलीत गुण जास्त म्हणजे मन जास्त खालावलेलं, तेव्हा गुण वाढलेले दिसले की कुणाकडं पाठवायचं ते नाव त्याच कार्डावर असावं, म्हणजे नातेवाइकाला महाद्वार रोडवर चौकशी करत फिरावं लागणार नाही. फिजिओच्या महिन्याच्या भेटींत एक भेट हात-पाय सोडून फक्त बोलण्याची धरावी आणि तिची फी वेगळी लावावी. फुकटच्या कामाला पुढं कुणी विचारत नाही, हे आपल्या सहकाराच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.